तबल्याचा क्लास, डोंबिवली पूर्व : परीक्षेची घाई नाही हेच सगळ्यात आवडलं

मुलाच्या पटापट परीक्षा उरकायच्या असतील तर हा क्लास तुमच्यासाठी नाही, आधीच सांगते. दहावीला शास्त्रीय कलेच्या परीक्षांचे वाढीव मार्क मिळतात म्हणून हल्ली प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण अशी नुसती रांग लावतात लोक. या गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा असतात, म्हणून दर सत्राला फॉर्म भरायचाच असं दुसऱ्या एका क्लासमध्ये आम्हाला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. इथले सर हात बघतात आणि मग ठरवतात.

माझ्या मुलीची प्रारंभिक झाली, मार्कही छान पडले, पण सर म्हणाले ताई, या सत्राला राहू द्या. का, ते समोरच दाखवलं. तिला लेहऱ्यावर, म्हणजे तालाबरोबर फिरत राहणाऱ्या पेटीच्या धुनेवर, सोळा मात्रांच्या त्रितालाचा ठेका धरायला लावला, मस्त चालला होता, मग मधेच लेहऱ्याचा आवाज बंद केला आणि दोन आवर्तनांनी परत चालू केला तर ही समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, पुढे निघून गेलेली! मग हातावर टाळी देत दुगुन, म्हणजे दुप्पट वेगात बोल, म्हणायला सांगितली, बोल सगळे बरोबर, पण नवव्या मात्रेला खाली दाखवायची, म्हणजे टाळी न देता हात बाजूला न्यायचा, तिथे हात दरवेळी लवकर पडायचा. सर म्हणाले पाठांतर पक्कं आहे, लय अजून अंगात नाही, आत्ता भराभर कायदे-पलटे, म्हणजे ठरावीक बोलांच्या रचना आणि त्यांचे फेरफार, दिले तर हात बिघडेल आणि बिघडलेला हात सुधारायला फार वेळ जातो.

मग ते अख्खं सत्र ठेका आणि 'धाधा तिट' हे बोल एवढंच, तेही सावकाश, तिटला बोटं नीट पडतायत का बघत बघत. मधून मधून मोठ्या मुलांच्या अभंगाला भजनी ठेका धरायला बसवायचे त्यामुळे पोरगी कंटाळली नाही, उलट घरी आपणहून वाजवायला लागली. आता लेहरा बंद केला तरी बरोब्बर समेवर येते, आणि यावेळी फॉर्मचं सरांनीच काढलं. तिच्या नंतर आलेल्या एका लहान मुलाला मात्र त्यांनी लगेच पुढे पाठवलं, म्हणजे वय किंवा किती महिने झाले असलं काही बघत नाहीत.

खोली लहान आहे, संध्याकाळी फार दाटी होते. शिकवताना सर फोन उचलत नाहीत, मेसेज टाका. शनिवार-रविवार फुल्ल असतं, मधल्या वारांना जागा मिळते. आणि तबला आधीच घेऊन ठेवू नका, कुठल्या सुराचा घ्यायचा ते सर सांगतात.