विनाइलची बॅटल मॅट: काही महिन्यांच्या वापरानंतर

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलावर बसून पात्रे रंगवत खेळायच्या कथाखेळात लढाईचा नकाशा काढायला चौकोन आखलेली बॅटल मॅट वापरतात. हा खेळ खेळवणाऱ्यांना एक इंचाचा चौकोन म्हणजे पाच फूट हा हिशेब सांगायला नको, म्हणून थेट तक्रारीवरच येतो: या मॅटवरून लाल शाई जात नाही. 'कोणत्याही मार्करने लिहा, ओल्या फडक्याने पुसा' असे विक्रेत्याने स्पष्ट छापले होते आणि मी तर पाण्याने निघणारा, नॉन-परमनंट ओएचपी मार्करच वापरत होतो. तरीही एका शनिवारी काढलेली आगीची भिंत पुढच्या शनिवारी पुसल्यावर तिच्या जागी गुलाबी पट्टा उरला. विनाइल मऊ राहावे म्हणून त्यात प्लॅस्टिसायझर मिसळतात आणि शाईतला रंग त्यात मुरतो, हे मान्य; पण काळी आणि निळी शाई तेवढ्याच दिवसांनी स्वच्छ निघाली. सव्वादोन हजार रुपयांच्या वस्तूबद्दल तक्रार केल्यावर 'वापरलेला माल परत घेतला जात नाही' एवढे एका ओळीचे उत्तर आले.

हा डाग केवळ दिसायला वाईट आहे असे नाही. आमच्या गटातला 'रोग' (rogue, म्हणजे चोरपावलांनी वावरणारे पात्र) खेळणारा खेळाडू मोकळ्या दालनात त्या पट्ट्याच्या अलीकडच्या चौकोनात आपल्या पात्राची बाहुली थांबवतो आणि 'ही भिंत आजची की मागची?' असे विचारतो, आणि ऐन लढाईत रंगलेले वर्णन तिथेच तुटते.

संतापून मी मॅट गुंडाळून ठेवली. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत चौकोनांवर खेळणे ऐच्छिकच आहे, तेव्हा नुसत्या वर्णनावर भागेल असे मला मनापासून वाटत होते. तसे ते भागलेही, पण आमच्या विझार्डने, म्हणजे जादूगार पात्राने, गोब्लिन या छोट्या राक्षसांच्या घोळक्यावर फायरबॉल हा आगीचा मंत्र टाकेपर्यंतच. वीस फुटांच्या त्रिज्येत आपला क्लेरिक (पुरोहित पात्र) सापडतो की नाही, यावर एवढी हुज्जत झाली की त्या रात्री लढाई अर्धवट सोडावी लागली. मॅटवर हाच प्रश्न एका छेदबिंदूपासून चार चौकोन मोजले की सुटतो; शत्रूच्या टप्प्यातून बाहेर पडताना ऑपॉर्च्युनिटी अटॅक, म्हणजे शत्रूला मिळणारा आयता वार, लागतो की नाही, हेही सर्वांना समोर दिसते. मास्टरच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या, शब्दाला मान असतो, पण प्रत्येक पावलाचा निवाडा त्यानेच करत बसावे हे मला पटत नाही. म्हणून मॅट पुन्हा टेबलावर आली आणि आता तिच्याशिवाय मी मोठी लढाई मांडत नाही.

लाल रंग मात्र मला हवाच आहे, कारण आग, सापळे आणि सांडलेले रक्त काळ्या रेघांच्या गर्दीत हरवतात. त्यासाठी टेबलावर अंथरायचे जाड पारदर्शक प्लास्टिक मीटरवर मिळते, ते आणून मॅटवर पसरले. खालचे चौकोन नीट दिसतात आणि डाग पडलाच तर स्वस्त प्लास्टिकवर पडतो. ट्यूबलाइटची चकाकी थोडी त्रास देते, म्हणून टेबल खिडकीकडे सरकवले आहे. मॅट घडी न घालता गुंडाळूनच ठेवावी, नाहीतर घडीच्या उंचवट्यावर बाहुल्या कलंडतात.

नवी मॅट घेणाऱ्यांनी ती आल्याच दिवशी कोपऱ्यात लाल ठिपका काढून आठवडाभर ठेवून पाहावा, आणि तो निघाला नाही तर पैसे परत मिळतील हे विक्रेत्याकडून आधीच लेखी घ्यावे.