छोट्या व्यवसायासाठी सीआरएम: पुढचा फोन कधी करायचा, हे कोणते सॉफ्टवेअर सांगते?

दोन-चार माणसांच्या व्यवसायात ग्राहक हातचा जातो तो बहुतेक वेळा नोंद नसल्यामुळे नव्हे, तर असलेली नोंद योग्य दिवशी कोणाच्याच डोळ्यांसमोर न आल्यामुळे. नाव, फोन नंबर, मागणी, दिलेले कोटेशन हे सारे कुठल्या ना कुठल्या वहीत किंवा एक्सेलमध्ये असतेच. एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात, त्यामुळे जागा अपुरी पडण्याचा प्रश्न छोट्या व्यवसायापुढे येत नाही. नसते ती फक्त आठवण: ‘कोटेशन बघतो आणि पुढच्या आठवड्यात कळवतो’ असे म्हणालेल्या माणसाला पुढच्या आठवड्यात आपण होऊन विचारायचे आहे, याची. म्हणून सीआरएम, म्हणजे ग्राहकांच्या नोंदी आणि पाठपुरावा सांभाळणारे सॉफ्टवेअर, निवडताना मी एक कसोटी सर्वांत वर ठेवतो. एखाद्या ग्राहकाबाबत पुढचे पाऊल ठरलेलेच नसेल, तर ही गोष्ट सॉफ्टवेअर स्वतःहून दाखवते का? अहवाल, आलेख, ईमेलच्या मोहिमा आणि आता सर्वत्र मिरवली जाणारी कृत्रिम बुद्धिमत्ता यांचा विचार त्यानंतर करावा.

या कसोटीवर पाइपड्राइव्ह हे सीआरएम मला सर्वांत सरस वाटते. २०१० मध्ये एस्टोनियात सुरू झालेल्या या कंपनीच्या संस्थापकांत विक्रीचे प्रशिक्षण देणारी माणसे होती, आणि ते तिच्या मुख्य पडद्यावर लगेच जाणवते. प्रत्येक संभाव्य व्यवहाराचे एक कार्ड असते आणि चौकशी, कोटेशन, वाटाघाटी अशा आपणच ठरवलेल्या टप्प्यांच्या उभ्या रकान्यांतून ते कार्ड डावीकडून उजवीकडे सरकवत न्यायचे असते. हे आता बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये आहे. पाइपड्राइव्हचे वेगळेपण कार्डाच्या कोपऱ्यातल्या लहानशा चिन्हात आहे. पुढचे काम ठरलेले नसेल तर तिथे पिवळा त्रिकोण दिसतो, ठरलेली तारीख उलटून गेली असेल तर चिन्ह लाल होते, काम आजचे असेल तर हिरवे आणि पुढच्या तारखेचे असेल तर करडे. एखादा फोन झाल्याची खूण केली की पुढचे काम कधीचे, हे सॉफ्टवेअर लगेच विचारते. शिवाय एखाद्या टप्प्यावर व्यवहार किती दिवस पडून राहिला तर तो थंडावला असे समजायचे, हेही ठरवता येते, आणि ती मुदत उलटली की अख्खे कार्डच लालसर होते. सकाळी दुकान किंवा कार्यालय उघडल्यावर मालकाने केवळ पिवळ्या आणि लाल खुणांवरून नजर फिरवली, तरी त्या दिवसाचे काम समोर येते. त्यासाठी वेगळा अहवाल काढावा लागत नाही.

त्याच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. विक्री झाल्यानंतरची सेवा, म्हणजे तक्रारी, दुरुस्ती, वार्षिक देखभाल, हा त्याचा मूळ प्रांत नाही. संकेतस्थळावरचा चॅट किंवा ईमेलच्या मोहिमा हव्या असतील तर त्यासाठी वेगळ्या पूरक सेवा घ्याव्या लागतात, आणि कायमचा मोफत प्लॅन नाही, फक्त चौदा दिवसांची चाचणी आहे. ज्या व्यवसायात विक्री एकदाच होते आणि तिच्यापूर्वीचा पाठपुरावाच निर्णायक असतो, तिथे या उणिवा फारशा बोचत नाहीत. जिथे तोच ग्राहक वर्षानुवर्षे परत येतो, तिथे मात्र त्या बोचतात.

झोहो सीआरएम २००५ पासून आहे आणि तीन वापरकर्त्यांपर्यंत त्याची मोफत आवृत्ती मिळते, त्यामुळे छोटे व्यावसायिक बऱ्याचदा तिथूनच सुरुवात करतात. त्याची ताकद मोठी आहे. कोणत्या टप्प्यावर कोणती माहिती भरल्याशिवाय पुढे जाताच येऊ नये, इतका काटेकोर क्रम वरच्या आवृत्त्यांमध्ये बांधून देता येतो. पण त्याची मांडणी मुळात मोठ्या विक्री विभागाला समोर ठेवून केलेली आहे. नवी चौकशी ‘लीड’ म्हणून एका जागी नोंदवायची, ती खरी ठरली की तिचे रूपांतर करायचे, आणि त्या रूपांतरातून व्यक्ती, संस्था आणि व्यवहार अशा तीन स्वतंत्र नोंदी तयार होणार. जिथे चौकशा गोळा करणारी माणसे वेगळी आणि विक्री करणारी वेगळी असतात, तिथे हा भेद उपयोगाचा आहे. पण फोन घेणारा, कोटेशन देणारा आणि माल पोहोचवणारा माणूस एकच असेल, तर या माणसाला लीडमध्ये शोधायचे की काँटॅक्टमध्ये (व्यक्तींच्या नोंदींत), हा प्रश्न त्याला दर वेळी पडतो, आणि दोन-तीनदा शोधून न सापडल्यावर तो सरळ नवी नोंद करून मोकळा होतो. दुबार नोंदींचा सुळसुळाट सुरू होतो तो इथून.

झोहोने स्वतःच २०२० मध्ये छोट्या व्यवसायांसाठी बिगिन नावाचे वेगळे आणि आटोपशीर सॉफ्टवेअर आणले, आणि मला ते मोठ्या भावापेक्षा अधिक पसंत आहे. त्यात सारा भर पाइपलाइनवर, म्हणजे व्यवहाराच्या टप्प्यांच्या रकान्यांवर आहे, शिकायला फार वेळ लागत नाही आणि विक्रीसाठी एक, विक्रीनंतरच्या सेवेसाठी दुसरी अशा वेगवेगळ्या पाइपलाइन सशुल्क प्लॅनमध्ये ठेवता येतात. परत परत येणाऱ्या ग्राहकांवर ज्यांचा व्यवसाय उभा आहे, त्यांनी पाइपड्राइव्हच्या आधी बिगिन पाहावे. पुढे गरज वाढली तर झोहो सीआरएममध्ये जाण्याचा मार्गही खुला राहतो.

हबस्पॉटचे नाव या चर्चेत हमखास निघते. २००६ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीने २०१४ मध्ये आपले सीआरएम मोफत जाहीर केले, आणि इतके नीटनेटके सॉफ्टवेअर फुकट मिळते याचे आकर्षण आजही कायम आहे. ग्राहकाचे पान उघडले की त्याच्याशी झालेले ईमेल, फोन, भेटी, टिपणे सारे तारखेच्या क्रमाने एकाच ओघात दिसते, आणि हे काम हबस्पॉटइतके देखणेपणाने फार थोड्यांना जमले आहे. तरीही निर्णय घेण्यापूर्वी दोन गोष्टी पारखून घ्याव्यात. मोफत आवृत्तीतल्या फॉर्मवर आणि मोहिमेच्या ईमेलवर हबस्पॉटचे नाव झळकते, स्वयंचलित कामे मर्यादित असतात, आणि त्या मर्यादा ओलांडायच्या ठरवल्या की खर्चाची पायरी एकदम उंच होते. वरच्या काही प्लॅनमध्ये सुरुवातीच्या मार्गदर्शनाचे शुल्कही वेगळे द्यावे लागते. म्हणून हबस्पॉटचा विचार करताना आजचा मोफत प्लॅन पाहू नये. दोन वर्षांनंतर आपल्याला ज्या प्लॅनची गरज पडेल असे वाटते, त्याचे दरपत्रक आजच वाचावे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे आणि तिच्याबद्दल फारसे बोलले जात नाही. हबस्पॉट दोन नोंदी एकाच व्यक्तीच्या आहेत हे मुळात ईमेल पत्त्यावरून ओळखते. ज्या व्यवसायात ग्राहकाची ओळख म्हणजे त्याचा फोन नंबर, आणि ईमेल कोणी मागतही नाही, तिथे तोच माणूस दोनदा, तीनदा नोंदवला गेला तरी सॉफ्टवेअर त्याला आपोआप अडवत नाही. कोणतेही सीआरएम घेताना हा प्रश्न विक्रेत्याला थेट विचारावा: फोन नंबरवरून दुबार नोंद रोखता येते का, आणि तोच नंबर देशाच्या कोडसह, कोडशिवाय किंवा मध्ये जागा सोडून लिहिला तर तो एकच समजला जातो का? झोहोमध्ये एखाद्या रकान्यात दुबार मूल्य चालणार नाही अशी अट घालता येते. तशी सोय हव्या त्या प्लॅनमध्ये आहे की नाही, ते चाचणीच्या काळातच स्वतः करून पाहावे.

सेल्सफोर्सबद्दल थोडक्यात. १९९९ मध्ये सुरू झालेल्या या कंपनीने ब्राउझरमधून चालणारे सीआरएम रुजवले, आणि आता तिच्याकडे लहान व्यवसायांसाठीही सुरुवातीचा प्लॅन आहे. तरी हे सॉफ्टवेअर सांभाळायला स्वतंत्र जाणकार माणूस लागावा असा त्याचा घाट आहे आणि पाच माणसांच्या व्यवसायाने त्याच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बिले, साठा आणि ग्राहक एकाच ठिकाणी हवे असतील तर ओडू हे वेगवेगळ्या ॲपनी बनलेले सॉफ्टवेअर पाहण्यासारखे आहे. मात्र त्यातले एकच ॲप मोफत असते, आणि दुसरे जोडले की सशुल्क प्लॅन लागू होतो. सुइटसीआरएम हे मुक्त स्रोताचे सॉफ्टवेअर. परवान्याला पैसे पडत नाहीत आणि माहिती आपल्याच सर्व्हरवर राहते, ही समाधानाची बाब आहे. पण सर्व्हर चालू ठेवणे, बॅकअप घेणे, सुरक्षेच्या सुधारणा वेळेवर बसवणे हे सारे आपल्या गळ्यात पडते, तेव्हा ते करणारा माणूस घरात नसेल तर हे ‘मोफत’ महाग पडते.

आता व्हॉट्सॲपविषयी, कारण ज्या व्यवसायांत बोलणी तिथेच होतात, त्यांच्यासाठी हा निर्णायक मुद्दा आहे. कर्मचाऱ्याच्या खासगी नंबरवर झालेले संभाषण कोणत्याही सीआरएममध्ये आपोआप येत नाही. अधिकृत जोडणीसाठी २०१८ मध्ये खुल्या झालेल्या व्यावसायिक एपीआयवरून (दोन सॉफ्टवेअर एकमेकांना जोडणाऱ्या सोयीवरून) व्यवसायाचा नंबर जोडावा लागतो. तिथेही ग्राहकाचा शेवटचा संदेश येऊन चोवीस तास उलटले की आपल्याला मोकळेपणाने लिहिता येत नाही, आधी मंजूर करून घेतलेल्या साच्यातलाच संदेश पाठवता येतो. ‘व्हॉट्सॲप जोडता येते’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये. जोडणी अधिकृत आहे का, संदेशांचे शुल्क वेगळे पडते का आणि संभाषण ग्राहकाच्या पानावरच दिसते का, या तिन्ही गोष्टी विचारून घ्याव्यात.

बहुतेक सीआरएमचे शुल्क प्रत्येक वापरकर्त्यामागे असते. मग पैसे वाचवण्यासाठी तिघे मिळून एकच लॉगिन वापरतात. ही काटकसर मला अजिबात पटत नाही, कारण ग्राहकाशी कोण बोलले, सवलत कोणी कबूल केली, नोंद कोणी बदलली याचा मागच त्यातून पुसला जातो, आणि सीआरएमचा निम्मा उपयोग तिथेच संपतो. याच संदर्भात परवानग्याही पाहाव्यात. संपूर्ण ग्राहकयादी एक्स्पोर्ट करण्याचा अधिकार कोणाकोणाला आहे, हे ठरवण्याची सोय स्वस्तातल्या प्लॅनमध्येही असली पाहिजे. नोकरी सोडून जाणारा माणूस यादी बरोबर घेऊन गेला, तर पुढे करण्यासारखे फार थोडे उरते.

जुनी यादी नव्या सॉफ्टवेअरमध्ये चढवणे हे काम सगळे सोपे समजतात, आणि नेमकी तिथेच सुरुवात बिघडते. बारा आकडी फोन नंबर असलेली फाइल एक्सेलमध्ये उघडली की तो नंबर दशांशचिन्ह आणि ‘ई+११’ अशा वैज्ञानिक पद्धतीने दिसू लागतो, आणि फाइल त्याच अवस्थेत सीएसव्ही (साध्या मजकुरातली यादी) म्हणून जतन केली तर मूळ आकडे कायमचे जातात. नंबरच्या सुरुवातीचे शून्य किंवा अधिकचे चिन्हही असेच गळते. नावे देवनागरीत असतील आणि फाइल यूटीएफ-८ या सर्व लिपींची अक्षरे जपणाऱ्या प्रकारात जतन केली नसेल, तर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे किंवा अगम्य खुणा येतात. तारखांचे तर विचारूच नका: ०३/०४ ही तीन एप्रिल की चार मार्च, हे सॉफ्टवेअर आपल्या सेटिंगनुसार ठरवते आणि फॉलोअप महिनाभर इकडेतिकडे होतात. फोनचा रकाना आधी ‘टेक्स्ट’ करून घ्यावा, आणि सगळी यादी एकदम न चढवता प्रथम दहा-वीस नोंदी चढवून त्या पडद्यावर एकेक तपासाव्यात.

माहिती आत जाते तशी ती बाहेरही यायला हवी. हायराइज हे छोट्या व्यवसायांचे आवडते सीआरएम २००७ मध्ये सुरू झाले आणि ऑगस्ट २०१८ मध्ये त्याने नवे ग्राहक घेणे थांबवले. मायक्रोसॉफ्टसारख्या बलाढ्य कंपनीनेही छोट्या व्यवसायांसाठी काढलेले आउटलुक कस्टमर मॅनेजर २०२० मध्ये बंद केले. तेव्हा कंपनीच्या आकारावर विसंबता येत नाही. एक्स्पोर्टचे बटण सर्वांकडे असते, पण त्यातून अनेकदा नावे आणि नंबर तेवढे बाहेर येतात. टिपणे, झालेल्या फोनच्या नोंदी, जोडलेली कोटेशने मागेच राहतात किंवा वेगळ्या फायलींत अशी येतात की कोणते टिपण कोणाचे हे जुळवता येत नाही. चाचणीच्या मुदतीतच एक काल्पनिक ग्राहक तयार करावा, त्याच्या नावावर दोन टिपणे, एक झालेला फोन, एक पुढची तारीख आणि एक पीडीएफ ठेवावी, मग सगळे एक्स्पोर्ट करून यातले काय काय परत हाती आले ते मोजावे. पाठपुराव्याच्या कसोटीवर दोन सॉफ्टवेअर सारखीच उतरली असतील, तर मी या फायली पाहूनच निवड करतो, आणि पीडीएफ कोणत्या ग्राहकाची हे जिथे फायलीच्या नावावरून कळत नाही, ते सॉफ्टवेअर यादीतून काढून टाकतो.