सुपर मीटिअर ६५० की व्हल्कन एस?

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला माझा कल हिशेबात धरता येईल. दोन्ही क्रूझर, म्हणजे ऐसपैस बसून निवांत चालवायच्या मोटरसायकली. दहापैकी आठ जणांना मी रॉयल एनफिल्डची सुपर मीटिअरच घ्यायला सांगेन. उरलेल्या दोघांसाठी कावासाकीची व्हल्कन आहे, आणि ते दोघं कोण हे ओळखणं सोपं आहे.

कागदावर दोघी सख्ख्या बहिणी. एक ६४८ सीसी, दुसरी ६४९. दोघींना दोन-दोन सिलिंडर, सहा-सहा गिअर. पण एनफिल्डची क्रँक, म्हणजे पिस्टनला जोडलेला फिरता दांडा, २७० अंशांची आहे, त्यामुळे इंजिनाचा ठोका ९० अंशांच्या व्ही-ट्विनसारखा, म्हणजे व्ही आकारात दोन सिलिंडर बसवलेल्या इंजिनासारखा पडतो. ताकद ४७ पीएस (अश्वशक्ती), टॉर्क म्हणजे ओढ ५२.३ न्यूटन मीटर. चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये निवांत सोडून द्यावी आणि घाट सरू द्यावा, असा तिचा स्वभाव. कावासाकीच्या व्हल्कन एसचं इंजिन मूळचं त्यांच्याच निन्जा ६५० या स्पोर्ट्स बाइकचं, रेडिएटरवालं. ६१ पीएस, तेही ७५०० आरपीएमला. अंगात क्रूझरचे कपडे असले तरी जरा पिळली की स्पोर्ट्स बाइकचं रक्त उसळतं. ज्यांना ते हवंय, ते पहिले.

दुसरे म्हणजे माझ्यासारखे, साडेपाच फुटांच्या आतले. व्हल्कनची सीट ७०५ मिलिमीटरवर, सुपर मीटिअरची ७४० वर. ३५ मिलिमीटर म्हणजे काय मोठंसं, असं शोरूममध्ये वाटतं. आमच्या सोसायटीचं पार्किंग उताराचं आहे. तिथे २४१ किलोची गाडी तोंड खाली करून लावली आणि मागे ढकलायची वेळ आली, की टाच टेकते की फक्त चवडा, यावरच सगळं ठरतं. व्हल्कन २३५ किलोची, म्हणजे वजनात काही सुटका नाही. सुटका आहे ती पाय टेकण्यात.

स्पीडब्रेकरच्या बाबतीत दोघी सारख्याच नाजूक. ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या पोटाचं जमिनीपासूनचं अंतर, सुपर मीटिअरचा १३५, व्हल्कनचा १३० मिलिमीटर. मागे कोणी बसणार असेल तर मात्र सुपर मीटिअर. मागच्या सस्पेन्शनला तिथे १०१ मिलिमीटर वाव आहे, व्हल्कनला जेमतेम ८०. सुपर मीटिअरच्या टूरर मॉडेलला पाठ टेकायची सोयही मिळते.

आता घराणी. एनफिल्डची पहिली मोटरसायकल १९०१ ची, इंग्लंडमधल्या रेडिचची. १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया सुरू झाली. पुढे रेडिचचा कारखाना बंद पडला, मद्रासचा चालू राहिला. १९९४ मध्ये कंपनी आयशर या भारतीय उद्योगसमूहाकडे गेली. कावासाकीचं मूळ टोकियोतल्या १८७८ च्या जहाजबांधणीत. मोटरसायकल हा तिच्या पसाऱ्यातला एक कोपरा. पुणेकरांना हे नाव परकं नाही. बजाजबरोबर काढलेली केबी १०० ही मोटरसायकल अजून कोणाच्या तरी गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली सापडेल. गोव्याचाही धागा आहे: सुपर मीटिअर नोव्हेंबर २०२२ मध्ये मिलानच्या प्रदर्शनानंतर रायडर मेनिया या एनफिल्डच्या गोव्यातल्या मेळाव्याच्या मांडवात आली होती.

घराण्याचा फायदा खरा कळतो तो दुरुस्तीच्या वेळी. एनफिल्डच्या व्हॉल्व्हचं अंतर स्क्रू आणि लॉकनटने जुळवता येतं. हात बसलेला मेकॅनिक तालुक्याच्या गावीही ते करून देतो. व्हल्कनमध्ये त्यासाठी कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) काढून शिम, म्हणजे पातळ चकत्या, बदलावे लागतात, आणि अधिकृत केंद्रं मोठ्या शहरांतच. कावासाकीचा भारतातला कारखाना चाकणला आहे म्हणून कणकवलीत पार्ट लवकर मिळेल, या भ्रमात राहू नका.

पैशांचं अंतर तर मोठंच. सुपर मीटिअर जानेवारी २०२३ मध्ये ३.४९ लाखांपासून आली, तर व्हल्कन २०२४ मध्ये ७.१० लाखांना होती, दोन्ही एक्स-शोरूम. सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वरच्या गाड्यांना ४० टक्के जीएसटी आहे. आरटीओचा कर वेगळा. त्यामुळे जुन्या किमती पाठ असतील तर विसरा, ताजं कोटेशन हातात घ्या.

मी स्वतः? चवड्यांवर उभा राहून सुपर मीटिअरच घेईन. पार्किंगमध्ये तोंड वर करून लावायची सवय लावून घ्यावी लागेल, एवढंच.