पहिल्या खेपेचं कोल्ट १९०३ विकायचंय: डीलर, लिलाव की थेट संग्राहक?

अमेरिकेत जुन्या घराचं कपाट आवरताना कोल्टचं 'मॉडेल १९०३ पॉकेट हॅमरलेस' सापडणं फारसं नवलाचं नाही. जॉन ब्राउनिंग यांनी आखलेलं हे खिशात मावणारं पिस्तूल हार्टफर्डच्या कारखान्यात १९०३ ते १९४५ या काळात बनत होतं, आणि एकट्या .३२ कॅलिबरची सुमारे ५ लाख ७० हजार नग तयार झाली. पण हाती आलेल्या पिस्तुलाची नळी ४ इंची असेल, नळीच्या तोंडाशी वेगळं बुशिंग (नळी जागेवर धरणारी कडी) असेल आणि अनुक्रमांक ७२ हजारांच्या आत असेल, तर ते पहिल्या प्रकारातलं आहे. पुढे नळी पाव इंचाने आखूड झाली आणि नंतर बुशिंगही गेलं. संग्राहक याच खुणा पाहतात.

हाताळण्याआधी एक गोष्ट ध्यानात ठेवा. नाव 'हॅमरलेस' असलं तरी हॅमर (गोळी उडवण्यासाठी ठोका देणारा घोडा) आत आहे, फक्त स्लाइडखाली, म्हणजे वरच्या मागेपुढे सरकणाऱ्या भागाखाली, झाकलेला. त्यामुळे घोडा चढवलेला आहे की नाही हे बाहेरून दिसत नाही. शिवाय मॅगझिन काढल्यावर चाप अडवणारी सोय या सुरुवातीच्या पिस्तुलांत नाही. नळीत गोळी राहिली असेल तर ती उडेल. म्हणून आधी मॅगझिन काढा, मग स्लाइड मागे ओढून नळी रिकामी आहे ना ते डोळ्यांनी पाहा. हे जमत नसेल तर जाणकाराला बोलवा.

आता विक्रीकडे वळू. रस्ते मुख्यतः चार आहेत: परवानाधारक डीलरला एकरकमी विकणं, त्याच्याकडे कमिशनवर ठेवणं, लिलावात देणं, किंवा संग्राहक शोधून थेट विकणं. बहुतेक जण आधी रस्ता निवडतात आणि मग पिस्तुलाची चौकशी करतात. माझ्या मते हा क्रम उलटा हवा, कारण कुठला रस्ता परवडेल हे पिस्तुलाची मूळ स्थितीच ठरवते. पहिल्या प्रकारातली हजारो पिस्तुलं आजही आहेत. दुर्मीळ आहे ते कारखान्यातून निघालं तसंच राहिलेलं पिस्तूल.

मूळ ब्लूइंग, म्हणजे पोलाद गंजू नये म्हणून दिलेला निळसर थर, कडांवर झिजलेलं असलं तरी चालतं, ती वयाची झीज आहे. पण अक्षरं उथळ झाली असतील, कडा गोलसर झाल्या असतील, स्क्रूच्या भोकांभोवती खळगे पडले असतील, तर कुणीतरी ते घासून पुन्हा ब्लू केलंय. नवंकोरं चमकणारं पण रीब्लू केलेलं पिस्तूल संग्राहकाच्या लेखी झिजलेल्या मूळ पिस्तुलापेक्षा खाली असतं. म्हणून विकण्याआधी पॉलिश करण्याचा मोह टाळा. तेलाचा हलका हात पुरे.

दुसरं काम, कोल्टच्या अभिलेख विभागाकडून फॅक्टरी लेटर मागवणं. पिस्तूल कोणत्या तारखेला, कुणाकडे, कोणत्या फिनिशमध्ये रवाना झालं हे कारखान्याच्या नोंदींवरून त्यात येतं. पिस्तुलावर निकेलचा मुलामा आहे आणि पत्रातही निकेलच निघालं, की सगळा संशय मिटतो. पत्रात निळं निघालं तर निकेल नंतर चढवलंय हे तुम्हालाच आधी कळतं, आणि गिऱ्हाइकासमोर मान खाली घालावी लागत नाही.

या दोन गोष्टी हातात आल्या की तुलना सोपी होते.

डीलरला एकरकमी विकलंत तर पैसे त्याच दिवशी मिळतात आणि कागदपत्रं तो बघतो. पण त्याला पुढे नफ्यावर विकायचंय, त्यामुळे भाव कमीच मिळणार. रीब्लू केलेल्या, मॅगझिन बदललेल्या पिस्तुलासाठी मला हाच मार्ग योग्य वाटतो. त्यात महिनोन् महिने अडकून राहण्यात अर्थ नाही. कमिशनवर ठेवलंत तर भाव बरा येतो, पण वाट पाहावी लागते. आणि बऱ्याच जणांना माहीत नसलेली गोष्ट: विकलं न गेल्यामुळे पिस्तूल परत घेताना मालकालाही बंदूक घेताना भरायचा संघीय फॉर्म ४४७३ भरून पार्श्वभूमी तपासणीतून जावं लागतं.

लिलावाची गंमत वेगळी. रॉक आयलंड किंवा मॉर्फी यांसारख्या लिलावगृहांत जाणकार गिऱ्हाईक आपणहून येतं. फोटो, वर्णन, कॅटलॉग सगळं ते करतात. दोन हट्टी संग्राहक समोरासमोर आले तर भाव तुमच्या अंदाजापलीकडे जातो. पण खर्च दोन्हीकडून असतो. विकणाऱ्याचं कमिशन तर जातंच, वर घेणाऱ्याकडून प्रीमियम घेतात, आणि घेणारा तो मनात धरूनच बोली लावतो. समजा प्रीमियम २० टक्के आहे आणि त्याची एकूण तयारी १,००० डॉलरची आहे, तर त्याची बोली साधारण ८३३ डॉलरवर थांबेल. तुमचं कमिशन कापलं जाईल ते त्या ८३३ मधून. म्हणून करारात कमिशन, फोटोंचा आणि विम्याचा खर्च, आणि किमान राखीव किंमत ठेवता येते का, हे सही करण्याआधी वाचा. अगदी लहान अनुक्रमांक, कारखान्यातलं नक्षीकाम किंवा मूळ खोका असलेलं पिस्तूल असेल तर एवढं कमिशन देऊनही मी लिलावच निवडेन. अशा नगाचा भाव स्पर्धेतूनच कळतो.

मूळ स्थितीतलं, पत्रासह असलेलं, पण नक्षीबिक्षी नसलेलं साधं पिस्तूल असेल तर मात्र माझा कल थेट संग्राहकाकडे आहे. कोल्ट कलेक्टर्स असोसिएशनसारख्या मंडळात नेमकं हेच शोधणारी माणसं भेटतात, मधला वाटा वाचतो, आणि पिस्तूल ज्याला त्याची कदर आहे त्याच्या हाती जातं. मेहनत मात्र तुमची: चांगल्या उजेडातले फोटो, दोष न लपवता लिहिलेलं वर्णन, आणि घासाघीस करण्याची तयारी.

इथे कायदा नीट पाळावा लागतो. १८९८ नंतरचं असल्यामुळे हे पिस्तूल संघीय कायद्यात 'अँटिक' धरत नाहीत. पन्नास वर्षांहून जुनं असल्याने ते 'क्युरिओ अँड रेलिक' (संग्राहकांच्या जुन्या बंदुका) या गटात येतं, एवढंच. दुसऱ्या राज्यातल्या माणसाला थेट देता येत नाही. त्याच्याकडे संग्राहकाचा परवाना नसेल तर त्याच्या राज्यातल्या परवानाधारक डीलरमार्फतच द्यावं लागतं. आपल्याच राज्यातल्या रहिवाशाला थेट विकण्यास संघीय कायद्याची आडकाठी नाही, पण समोरच्याला शस्त्र बाळगण्यास मनाई आहे असं मानायला जागा असेल तर विकणं गुन्हा आहे. कॅलिफोर्निया, कोलोरॅडो यांसारख्या राज्यांत तर खासगी व्यवहारही डीलरमार्फतच करावा लागतो. यूपीएस आणि फेडेक्स परवाना नसलेल्यांकडून बंदुका स्वीकारत नाहीत, त्यामुळे परगावी पाठवायचं तर जवळच्या डीलरला शुल्क देऊन त्याच्याकरवीच पाठवा. आपल्या राज्यात सक्ती नसली तरी अनोळखी माणसाशी व्यवहार मी डीलरच्या काउंटरवरच करेन. थोडं शुल्क जातं, पण तपासणी होते आणि पिस्तूल कुणाला गेलं याची नोंद राहते.