पोर्ट ३१, दोन तारा आणि माझे साडेसहा हजार

जुन्या संगणकासाठी घेतलेल्या एका इंटरफेसचं (मागे लावायच्या जोडकार्डाचं) हे परीक्षण. पहिल्याच आठवड्यात लिहायला बसलो असतो तर पाच तारे देऊन मोकळा झालो असतो. आठ महिने थांबलो, म्हणून हे एवढं लांबलंय.

मशीन बाबांचं आहे. डीबी स्पेक्ट्रम प्लस, म्हणजे सिंक्लेअर कंपनीचा घरगुती संगणक, डेसिबेल्स कंपनीने परवान्यावर भारतात आणलेला, १९८७ साली घेतलेला. त्याच्या पाठीला लावायचा हा डिव्हएमएमसी इंटरफेस: एसडी कार्ड, एनएमआय बटण (चालू काम थांबवून यादी पुढे आणणारं), शिवाय केम्पस्टन या जुन्या पद्धतीच्या जॉयस्टिकचं सॉकेट. बाहेरून मागवला, टपाल आणि ड्यूटी धरून साडेसहा हजार पडले. घरी मी आकडा ‘दोन-अडीच’ सांगितलाय, तेव्हा हे इथल्या इथेच राहू द्या.

कार्डाबद्दल तक्रार शून्य. कॅसेटवरून ४८ केचा गेम चढायला पाचेक मिनिटं लागायची, आणि चौथ्या मिनिटाला आई मिक्सर लावायची की ‘आर टेप लोडिंग एरर’. आता बटण दाबा, यादीतून निवडा, गेम हजर. गंमत म्हणजे रॉममधल्या (संगणकाच्या कायमच्या मेमरीतल्या) टेप वाचण्याच्या पत्त्यावर प्रोसेसर पोचला की हा इंटरफेस गुपचूप स्वतःची मेमरी पुढे करतो. बिचाऱ्या स्पेक्ट्रमला वाटतं टेपच चालू आहे. बाबांनी हे सगळं शांतपणे पाहिलं आणि “मग त्या कॅसेटच्या पेट्या माळ्यावर कशाला ठेवल्यास?” एवढंच विचारलं.

जाता जाता: स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट लागतात, पण मधली पिन ऋण. पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत नुसतं ‘नऊ व्होल्टचा अडॅप्टर द्या’ म्हटलं की बहुतेक वेळा मधली पिन धन असलेलाच हातात पडतो. मल्टीमीटर लावल्याशिवाय जोडू नका.

आता मूळ मुद्दा, जॉयस्टिक. जुन्या बाजारातून चाळीस रुपयांत टीव्ही गेमचं पॅड आणलं होतं. नऊ पिनांचं सॉकेट, फिट बसलं आणि ढिम्म हललं नाही. आत वेगळीच भाषा, एकेक बिट रांगेने पाठवणारी. चाळीस रुपये गेले. मग खरी अटारी पद्धतीची जॉयस्टिक मिळाली आणि सहा महिने सुखात गेले.

आमचा रविवारचा सहा-सात जणांचा कट्टा आहे, सदाशिव पेठेत एकाच्या गच्चीवरच्या खोलीत. त्यातल्या एकाने जनरल पर्पज पीसीबीवर केम्पस्टन माउसचं कार्ड बनवलं. माझा इंटरफेस आणि त्याचं कार्ड एकाच बस बोर्डवर (अनेक कार्डं एकदम जोडायच्या पट्टीवर) लावलं, चित्रं काढायचा प्रोग्राम उघडला. ब्रश आपोआप ओढला जायला लागला. कुणी बटणाला हातही लावलेला नाही, आणि पडद्यावर रेघोट्या.

त्या मित्राच्या सोल्डरिंगला मी तासभर नावं ठेवली. त्याची मी जाहीर माफी मागितली आहे, इथे पुन्हा मागतो. दोष माझ्या साडेसहा हजारांत होता.

हिशोब असा. पोर्ट म्हणजे ज्या क्रमांकावर प्रोसेसर एखाद्या उपकरणाला प्रश्न विचारतो तो; क्रमांकाचा एकेक बिट ए-०, ए-१ अशा एकेका तारेवरून जातो. केम्पस्टन जॉयस्टिक पोर्ट ३१ वर. बायनरीत लिहा: ०००१११११, म्हणजे ए-७, ए-६, ए-५ तिन्ही तारा शून्य. पण माझा इंटरफेस फक्त ए-५ बघतो. ए-५ शून्य दिसली की हा बोलतो, प्रश्न कुणालाही विचारलेला असो. माउसचे पोर्ट ६४४७९, ६५५०३ आणि ६४२२३. तिघांचाही खालचा बाइट २२३, म्हणजे ११०११११११ नव्हे (मीही आधी एक १ जास्त लिहिला होता), ११०१११११. तिथेही ए-५ शून्यच. माउसला विचारलं की दोघं एकदम उत्तर देतात. जॉयस्टिक सोडलेली असली की तिचं उत्तर शून्य, आणि माउसच्या बटणांत शून्य म्हणजे ‘दाबलेलं’. म्हणून रेघोट्या. एसडी कार्डाच्या भागाचे पोर्ट २२७, २३१, २३५, तिथे ए-५ एक असते, म्हणून सहा महिने काही कळलंच नाही.

माझा संताप दोन तारांवरून. त्या ए-६ आणि ए-७ चिपपर्यंत आलेल्याच आहेत, २२७ ओळखायला लागतात म्हणून. तार ओढायची नव्हती, छिद्र पाडायचं नव्हतं, नुसत्या दोन अटी लिहायच्या होत्या. विक्रेत्याला तिखट मेल लिहिली. उत्तर दोन ओळींचं: मूळचा केम्पस्टनही फक्त ए-५ बघायचा, आम्ही मूळ पाळलंय.

हे वाचून आणखी भडकलो. पण कट्ट्यावरच्या कोथरूडच्या काकांनी तीन-चार जुने गेम लावून दाखवले, त्यातला एक जॉयस्टिक चक्क पोर्ट २२३ वरून वाचत होता. मूळ यंत्रावर ते चालायचं, कारण ए-५ शून्यच. तिन्ही तारा तपासल्या तर त्या गेमची जॉयस्टिक मेली. म्हणजे विक्रेता अगदीच आळशी नव्हता. रागात कापलेला रेटिंगचा एक तारा परत दिला.

मग दोन रविवार वाद. काका म्हणे मूळ ते मूळ. माउसवाला म्हणे ज्याचा पोर्ट त्याने बोलावं. एमएसएक्सवाल्यांचं बरं (तेव्हाचे दुसरे घरगुती संगणक, अनेक कंपन्यांचे पण एकाच मानकाचे), १९८३ सालीच सगळ्या कंपन्यांनी मिळून ठरवून टाकलं. आमच्या सिंक्लेअरने त्याच वर्षी स्वतःचा जॉयस्टिक जोडायचा इंटरफेस टू काढला आणि जॉयस्टिक आकड्यांच्या कळांवर बसवली, एक ६ ते ० वर, दुसरी १ ते ५ वर. घरातच एकमत नाही, बाहेरच्यांना काय बोलणार?

शेवटी वहीच्या एका पानावर आमच्यापुरतं ठरलं. जॉयस्टिक असलेल्या प्रत्येक बोर्डाने तिन्ही तारा बघायच्या, जुन्या गेमसाठी एक जंपर (टोपी घालून-काढून बदलायची जोडणी) ठेवायचा, आणि कोणकोणते पोर्ट वापरलेत ते बोर्डावरच छापायचं. मधली पिन ऋण हेही. काकांनी सही केली, पण खाली ‘जंपर सक्तीचा’ असं लिहून.

विक्रेत्याने चिपची सोर्स फाइल उघडी ठेवली होती, हे त्याचं मोठेपण. माउसवाल्याने त्यात दोन अटी वाढवल्या, मोकळ्या पिनेवर जंपर घेतला, एक १० केचा रेझिस्टर लावला आणि चिप पुन्हा लिहिली. आता जॉयस्टिक, माउस, कार्ड एकत्र नांदतात. जंपरची टोपी मी बंद पडलेल्या हार्डडिस्कवरून काढली, तो खर्च शून्य.

तर चार तारे. बदललेली फाइल विक्रेत्याला पाठवली. पुढच्या बोर्डांत घालतो म्हणाला. त्यावर मी पुढच्या खरेदीत काही सवलत मिळेल का असं विचारलंय. सोळा दिवस झाले, उत्तर नाही.