वर पितळी कमळ, आत जस्त: तीनचाकीच्या हबांत झालेली फसवणूक

घरी बनवलेल्या तीनचाकी सायकलीसाठी नक्षीदार हब करून घ्यायचा विचार असेल, तर आगाऊ रक्कम देण्याआधी हे पूर्ण वाचा. पैसे गेले याचा राग आहेच. पण मला जो माल खोटं बोलून विकला गेला, तो चाकाच्या मधोमध बसणार होता आणि त्या चाकांवर माझे 71 वर्षांचे वडील बसणार होते. लिहायला बसलोय ते त्यासाठी.

बाबांनी पुण्यात आयुष्यभर सायकल चालवली. तोल जायला लागला तशी ती सुटली, पण पायांत अजून जोर आहे. म्हणून पुढे दोन चाकं, मागे एक आणि मध्ये खुर्चीसारखी बैठक अशी तीनचाकी मी घरीच जोडायला घेतली. यात पुढची दोन्ही चाकं बसणाऱ्याच्या नजरेसमोर फिरतात. बाबांचं बालपण ज्या वाड्यात गेलं तिथल्या लाकडी खांबांवर कमळाच्या पाकळ्या कोरलेल्या होत्या. तशाच पाकळ्या हबच्या तोंडावर पितळेत याव्यात, अशी माझी फार इच्छा होती.

दिसण्याइतकीच मजबुतीही महत्त्वाची होती. दोनचाकी वळणावर आत कलते, त्यामुळे भार चाकाच्या रेषेतच राहतो. तीनचाकी कलत नाही. वळताना आडवा रेटा थेट आऱ्यांवर येतो आणि तिथून हबच्या कडेवर, म्हणजे आरे अडकवतात त्या फ्लँजवर. त्यात माझ्या रचनेत पुढचं चाक एकाच बाजूने आखावर धरलेलं आणि डिस्क ब्रेकची चकतीही हबलाच आवळलेली. 36 आऱ्यांचं चाक नीट ताणलं की एकेका आऱ्यात साधारण 100 किलोची ओढ असते. ओतीव हब वाईटच असतात असं नाही, पण त्यांचं ओतकाम त्या हिशेबाने केलेलं असावं लागतं. मला ती जोखीम नको होती. म्हणून हबचं अंग अखंड दांड्यातून कातलेलं हवं, हे मी ज्या लेथवाल्याला काम दिलं त्याला पहिल्या भेटीपासून सांगत आलो.

लेथवाल्याने सगळं मान्य केलं. अंग 6082 ॲल्युमिनियमचं, टी6 प्रतीचं, ज्याला बाजारात एचई 30 म्हणतात. आत 15 मिलिमीटरच्या आखाची 6202 नंबरची बेअरिंग, नामांकित कंपनीची. बाहेर भरीव पितळेची पाकळ्यांची चकती. दोन हबांचे 14,000 रुपये ठरले, त्यातले 10,000 आगाऊ. पितळेचा भाव किलोवर वेगळा लावला होता.

विश्वास बसावा म्हणून त्याने काय काय केलं ते मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण दुसऱ्या कोणासमोर हेच पुन्हा होऊ शकतं. आधी मोबाइलवर स्वतःच्या कामाचे म्हणून फोटो दाखवले. अप्रतिम काम होतं. पुढे मी ते फोटो इंटरनेटवर शोधले, तेव्हा ते परदेशातल्या एका कारागिराचे निघाले. मग दांड्याचं मटेरियल टेस्ट सर्टिफिकेट पाठवलं. त्यावर हीट नंबर, म्हणजे धातू एकदा वितळवून काढलेल्या घाण्याचा क्रमांक होता, घटकांचे टक्के होते, सही होती. फक्त दांड्याचा व्यास 40 मिलिमीटर लिहिलेला होता. माझ्या हबची फ्लँज 74 मिलिमीटरची. चाळीसच्या दांड्यातून चौऱ्याहत्तरची कड कातून निघू शकत नाही. सर्टिफिकेट खरं असेलही, पण ते दुसऱ्याच दांड्याचं होतं. विचारल्यावर म्हणाला, "साहेब, लॉट तोच आहे, साइज वेगळी." हीट तीच असेल तर तसं होऊ शकतं. म्हणून मी दांडा दाखवा म्हटलं. दांडा कापून झालाय, असं उत्तर आलं.

सगळ्यात बिलंदर प्रकार चुंबकाचा. हब ताब्यात देताना त्याने स्वतःच खिशातून चुंबक काढलं आणि पितळी चकतीला लावून दाखवलं. "बघा, धरत नाही. अस्सल पितळ." पितळाला चुंबक धरत नाही हे खरं. पण ते जस्ताच्या मिश्रधातूलाही धरत नाही, ॲल्युमिनियमलाही नाही. आत लोखंड नाही, एवढंच चुंबक सांगतं. वर पारदर्शक लॅकर मारलं होतं. पितळ काळवंडू नये म्हणून, हे कारण पटण्यासारखंच आहे. त्याच लॅकरखाली मुलामा लपला होता.

दिसायला हब देखणे होते, हे कबूल केलंच पाहिजे. बफिंग आरशासारखं.

आमच्या पेठेतल्या सायकलवाल्या काकांनी चाकं विणली आणि आउट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढायला घेतला. आरे ताणता ताणता बारीक टक्क असा आवाज आला. एका भोकापासून शेजारच्या भोकापर्यंत फ्लँजला चीर गेली होती. काकांनी लगेच हात थांबवला, आरे सैल केले आणि म्हणाले, "हे कातलेलं नाही रे, हे ओतलेलं आहे." फ्लँजचा तुकडा हातात आल्यावर भिंगाचीही गरज उरली नाही. तुटलेली बाजू रवाळ, करडी आणि तिच्यात टाचणीच्या टोकाएवढी भोकं. वितळलेल्या धातूत अडकलेल्या वायूची ती भोकं असतात. भंगार वितळवून साच्यात ओतायचं, वरून लेथवर एक हात फिरवायचा आणि 'दांड्यातून कातलं' म्हणून विकायचं, असा हा धंदा. वजनावरून हे कळत नाही, कारण ओतीव आणि दांड्याच्या ॲल्युमिनियमची घनता जवळजवळ सारखीच असते.

पितळेची लबाडी मात्र घरच्या घरी कळते. माझी चकती 340 ग्रॅमची. पितळाची घनता 8.5 च्या आसपास, म्हणजे ती पाण्यात बुडवली की 40 मिलिलिटर पाणी वर चढायला हवं. मोजपात्रात 50 च्या वर चढलं. हिशेब जस्ताच्या मिश्रधातूशी जुळतो, तिची घनता 6.7 च्या आसपास असते. मागच्या बाजूला कानस फिरवली तर पिवळा थर गेला आणि खाली निळसर पांढरा धातू दिसला. मग दोन्ही तुकडे प्रयोगशाळेत दिले. ॲल्युमिनियमच्या तुकड्यात सिलिकॉन साडेआठ टक्के निघालं. 6082 मध्ये ते 0.7 ते 1.3 टक्के असतं. चकती जवळपास सगळी जस्ताची.

बेअरिंगवर छापलेलं नावही मग संशयास्पद वाटू लागलं. एसकेएफसारख्या कंपन्यांनी खऱ्याखोट्याची शहानिशा करायला ॲप काढलं आहे. फोटो पाठवले की त्यांची माणसं तपासून कळवतात. आपल्याला दिलेल्या बेअरिंगचा डबा मागून घ्या आणि फोटो काढून ठेवा. सुटी, कागदात गुंडाळलेली बेअरिंग घेऊच नका.

अहवाल घेऊन गेलो तर लेथवाल्याने आधी काकांवर ढकललं, म्हणे आरे जास्त ताणले. सिलिकॉनचा आकडा दाखवला तेव्हा, "एवढ्या पैशात असंच मिळतं." नंतर फोन उचलणं बंद. बिल काढून पाहिलं, त्यावर एकच ओळ होती: 'जॉबवर्क, नग 2'. ना एचई 30, ना पितळ. पैसे मात्र दोन्हींचे घेतले होते. माझ्याकडे मोबाइलवरचे संदेश होते, त्यांत त्याने स्वतः धातूचं नाव आणि प्रत लिहिली होती. त्यांच्याच आधारावर मी ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज केला. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही आणि फसवणूक झाल्यापासून 2 वर्षांच्या आत तक्रार करता येते. वस्तू स्वतःच्या वापरासाठी घेतली असेल, तर ती खास बनवून घेतलेली आहे म्हणून तुमचा ग्राहकाचा हक्क जात नाही. निकाल अजून लागायचा आहे.

दुसऱ्यांदा हब केले तेव्हा मी दांडा स्वतः विकत आणला. बिलावर प्रत लिहून घेतली, दांड्याच्या टोकावरचा शिक्का सर्टिफिकेटशी ताडून पाहिला आणि कापून उरलेला तुकडा मागून घेतला. प्रामाणिक टर्नरला याचं वाईट वाटत नाही. माझ्या टर्नरने उलट पहिला घाव घालताना समोर उभं राहायला सांगितलं. आधी एकच हब करून घेतला, त्याचं चाक विणून ताणून पाहिलं आणि मगच दुसऱ्याचे पैसे दिले. पाकळ्या तांबट आळीतल्या एका कारागिराने पितळी पत्र्यावर मठारून दिल्या. हातोडीचे ठोके त्यावर दिसतात आणि मला ते त्या चकचकीत मुलाम्यापेक्षा कितीतरी सुंदर वाटतात. पत्रा नुसता शोभेला आहे, भार सगळा आतल्या ॲल्युमिनियमवर. ही विभागणी तुम्हीही ठेवा. नक्षीवर कधीही आरे अडकवू नका.

ज्यांच्या तीनचाकीला असे करवून घेतलेले हब आधीच बसले आहेत, त्यांनी आज चाक काढावं. आऱ्यांच्या भोकांभोवती रॉकेल लावून पुसावं आणि वर खडूची पूड चोळावी. चीर असेल तर आत मुरलेलं रॉकेल थोड्या वेळाने खडूवर ओलसर रेघ उमटवतं. तशी रेघ दिसली तर त्या चाकावर कोणालाही बसू देऊ नका, आणि हब फेकूनही देऊ नका. तक्रारीत तोच पुरावा आहे.