दुबई की ग्रीस? घर घेऊन निवास परवाना काढण्यापूर्वी

घर घेणाऱ्या परदेशी माणसाला निवास परवाना देण्याची योजना स्पेनने 3 एप्रिल 2025 रोजी बंद केली. पोर्तुगालने त्याआधी, 2023 मध्येच घरखरेदीचा मार्ग काढून टाकला. राहिलेल्यांत भारतीयांच्या तोंडी मुख्यतः दोन नावे असतात: दुबई आणि ग्रीस. दोन्हींना ‘गोल्डन व्हिसा’च म्हणतात, पण हाती पडते ते अगदी वेगळे.

दुबईत किमान 20 लाख दिरहमचे घर घेतले की 10 वर्षांचा परवाना मिळतो. त्यावर राहता येते, व्यवसाय वा नोकरी करता येते, आणि वैयक्तिक उत्पन्नावर कर नाही. साधा निवास परवाना सहा महिने देशाबाहेर राहिल्यास रद्द होतो. गोल्डन व्हिसाला ती अट नाही. नागरिकत्व मात्र या वाटेने मिळत नाही. वरखर्च धरायलाच हवा. नोंदणी शुल्क 4 टक्के, म्हणजे 80,000 दिरहम. दलालाचे 2 टक्के आणि त्यावर 5 टक्के व्हॅट, म्हणजे आणखी 42,000. शिवाय दरवर्षीचे सर्व्हिस चार्जेस चौरस फुटावर आकारतात; ते घर बघतानाच विचारा.

ग्रीसचा परवाना 5 वर्षांचा. घर आपल्या नावावर आहे तोवर नूतनीकरण होते, आणि तिथे राहण्याची सक्ती नाही. शेंगेन देशांत, म्हणजे सामाईक व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांत, 180 दिवसांत 90 दिवस फिरता येते, पण ग्रीसमध्ये नोकरी करता येत नाही. नागरिकत्वासाठी 7 वर्षे खरोखर तिथे राहावे लागते आणि ग्रीक भाषेची परीक्षा द्यावी लागते. सप्टेंबर 2024 पासून अथेन्सचा अॅटिका प्रांत, थेसालोनिकी, मिकोनोस, सँटोरिनी आणि 3,100 हून जास्त वस्तीची बेटे यांसाठी 8 लाख युरो लागतात, इतरत्र 4 लाख. म्हणजे क्रीट किंवा कॉर्फूही 8 लाखांतच. 8 लाख असो वा 4 लाख, घर एकच आणि किमान 120 चौरस मीटरचे हवे. अडीच लाख युरोंची जाहिरात दिसते ती व्यापारी जागेचे घरात रूपांतर केलेल्या किंवा जतनयादीतल्या जुन्या इमारतींची. रूपांतर अर्जापूर्वी पूर्ण झालेले असावे लागते, आणि नेमके तिथेच लोक अडकतात. परवान्यासाठी घेतलेले घर एअरबीएनबीवर दिले तर 50,000 युरो दंड होतो आणि परवानाही जातो. पर्यटकांच्या भाड्यावर हिशेब मांडला असेल तर तो आत्ताच पुसा.

खरी कसोटी पैसे भारतातून बाहेर नेताना लागते. रहिवाशांना परदेशी पैसे पाठवू देणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली (एलआरएस) एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर पाठवता येतात. 20 लाख दिरहम म्हणजे सुमारे 5,44,600 डॉलर. नवरा-बायकोची मर्यादा एकत्र केली तरी एका वर्षात भागत नाही. म्हणून काही रक्कम 31 मार्चपूर्वी आणि उरलेली 1 एप्रिलनंतर पाठवायची, आणि विक्रेत्याशी करार करताना हप्त्यांच्या तारखा तशाच ठरवायच्या. भारतातल्या रहिवाशाने तिथल्या बँकेचे गृहकर्ज काढून उरलेली रक्कम भरणे परकीय चलन कायद्याच्या (फेमा) दृष्टीने धोक्याचे आहे. अनिवासी भारतीयांची गोष्ट वेगळी. वर्षाला 10 लाख रुपयांवरील रकमेवर बँक 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ प्राप्तिकर, कापते. एका नावाने 1 कोटी रुपये पाठवले तर 18 लाख अडकतात आणि पुढे आपल्या प्राप्तिकरात वळते होतात. प्राप्तिकर विवरणपत्राच्या शेड्यूल एफएमध्ये, म्हणजे परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात, घर दाखवायचे राहिले तर काळा पैसा कायद्याखाली 10 लाखांचा दंड होऊ शकतो. आणि परवाना हाती आला म्हणून कोणी अनिवासी ठरत नाही. त्यासाठी मुख्यतः भारतातले दिवस मोजले जातात.

कागदपत्रांत विवाहाचा दाखला सर्वांत जास्त छळतो. बायकोच्या पासपोर्टवर माहेरचे नाव आणि दाखल्यावर सासरचे, असे असेल तर ते आधी जुळवून घ्या. ग्रीससाठी अपोस्टिल (कागद खरा असल्याचा आंतरराष्ट्रीय शिक्का) आणि ग्रीक भाषांतर पुरते. अमिरातीसाठी मंत्रालय, परराष्ट्र खाते, अमिरातीचा दूतावास आणि शेवटी तिथले परराष्ट्र खाते अशी साखळी पार करावी लागते.

तिथे जाऊन कमवायचे असेल तर दुबई घ्या. राहणे इथेच आणि युरोपचे दार उघडे हवे, शिवाय दोघांच्या आईवडिलांनाही परवान्यात घ्यायचे असेल, तर ग्रीसचे 4 लाख युरोंचे घर बघा. मुलांचे तेवढे वय पाहा: ग्रीसमध्ये ती 21 च्या आतली असावी लागतात, दुबईत अविवाहित मुलांना वयाची अट नाही.